शनिवार की रविवार?

सल्ला सदर : कानगोष्टी

पत्र

ताई, नमस्कार. मी वाळवा तालुक्यातल्या एका गावची सून. नोकरीमुळे आम्ही दोघं पुण्यात असतो. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, 74 पूर्ण झाली. साखर कारखान्यात टर्बाइनवर त्यांची 32 वर्षं गेली. दहा वर्षांपासून कमी ऐकू येतं, पण दोन्ही कानांना मशीन लावली ती गेल्या दिवाळीत. घरात समोरासमोर आता बरं बोलणं होतं. फोनवर मात्र सगळं मुसळ केरात. रिंग वाजली की अण्णा उजव्या कानातलं मशीन काढून ठेवतात, कारण फोन लावला की ते शिट्टी मारतं. मग उघड्या कानाला फोन लावून "हां हां, बरं बरं, ठेवतो" म्हणतात. गेल्या महिन्यात ह्यांनी फोनवर रविवारी येतो म्हणून सांगितलं. अण्णांनी शनिवारी ऐकलं. शनिवारी आईंनी मटण-भाकरी करून ठेवली आणि अण्णा दोन तास स्टँडवर बसून राहिले. आम्ही रविवारी पोचलो तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. आता त्यांना नवा फोन घ्यायचा आहे. ह्यांचे मित्र म्हणतात आयफोनच घ्या, गावातला दुकानदार म्हणतो मोठ्या आवाजाचा घ्या, नणंदबाई म्हणतात बटणाचाच बरा. पंधरा हजारांपर्यंत जमेल. कोणता घ्यावा? जाता जाता आणखी एक. अण्णांच्या बरोबरच्या दोन-तीन जणांना असाच त्रास आहे आणि मशीन परवडत नाही. त्यांच्यासाठी काही सोय असते का?

उत्तर

सूनबाई,

तुमचं पत्र वाचल्यावर मी दोन शब्द एकाखाली एक लिहिले. शनिवारी. रविवारी. यातली व्यंजनं झाकून नुसते स्वर म्हणून बघा : अ, इ, आ, ई. दोन्हीकडे तेच. अण्णांच्या कानापर्यंत बहुधा तेवढेच पोचले, बाकीचा शब्द त्यांनी मनानं भरला, आणि मुलाला भेटायची ओढ असलेल्या माणसानं दोन दिवसांतला आधीचा दिवस निवडला. "अण्णा लक्षच देत नाहीत" असं घरात कुणी म्हणालं असेल, तर ते आधी मागे घ्या.

मी स्वतः गेली बावीस वर्षं दोन्ही कानांना यंत्रं लावते. त्यातली बरीच वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. म्हणून "आवाज येतोय पण शब्द लागत नाही" याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. स, श, च, त, फ, ख हे आवाज मुळात हलके आणि वरच्या पट्टीतले. वयानं थकलेला कान हीच वरची पट्टी आधी गमावतो. यंत्रांच्या धडधडाटात राहिलेल्या कानाचंही तेच होतं. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झच्या (सेकंदाला 4000 कंपनांच्या) आसपास रेघ एकदम खाली घसरलेली दिसते. अण्णांचा ऑडिओग्राम मशीनच्या कागदांत असेल. त्यात लाल गोल म्हणजे उजवा कान आणि निळी फुली म्हणजे डावा. तो एकदा काढून बघा. कोणता कान बरा आहे हे त्यावरून कळेल, आणि फोन कोणत्या कानाला लावायचा हेही. खूप जण सवयीनं उजव्याच कानाला लावत राहतात, मग तो अधू असला तरी.

यात फोनचाही वाटा आहे. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो. 'स'चा बराचसा जोर 4000 च्या वर असतो, म्हणजे तो तारेतून किंवा टॉवरवरून जायच्या आधीच छाटला जातो. तुमच्या-माझ्या ओळखीतल्या धडधाकट कानांच्या माणसांनाही फोनवर 'एस' आणि 'एफ' वेगळे कळत नाहीत, म्हणून तर आपण "एस फॉर सातारा" म्हणतो. चांगला कान छाटलेलं तर्कानं भरून काढतो. अण्णांच्या कानात आधीच अर्धं गेलेलं, वर फोननं आणखी छाटलं. साठाचे आठ होतात, तिसाचे वीस होतात.

म्हणून दुकानदाराचा सल्ला मला मान्य नाही. मोठा आवाज म्हणजे स्वर मोठे. शब्द तेवढाच अस्पष्ट राहतो आणि कानठळ्या मात्र बसतात. आतली नस थकलेल्या कानाची एक विचित्र खोड असते : हळू बोललेलं पोचत नाही आणि जरा मोठ्यानं बोललं की एकदम टोचतं. मधली जागाच अरुंद झालेली असते. "ऐकू येत नाही म्हणता, मग ओरडू नको कशाला म्हणता?" हा प्रश्न मला माझ्याच घरात कितीदा ऐकावा लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. अण्णांना हवाय तो स्वच्छ आवाज, आणि तो त्यांच्या यंत्रातून, यंत्र काढून नव्हे. ते यंत्र त्यांच्या ऑडिओग्रामप्रमाणे बसवलेलं आहे. कमी पडणाऱ्या पट्ट्या ते उचलून देतं. ते काढून ठेवून पंधरा हजारांचा फोन उघड्या कानाला लावणं म्हणजे चष्मा काढून मोठ्या टाइपातलं पुस्तक आणणं.

तेव्हा सुरुवात मोबाइलच्या दुकानातून करू नका. सुरुवात त्या मशीनच्या खोक्यापासून करा.

खोक्यावर किंवा वॉरंटीच्या कार्डावर मॉडेलचं नाव असेल. ते घेऊन, ज्यांनी मशीन बसवलं त्या ऑडिओलॉजिस्टना एक फोन करा आणि विचारा : याला ब्लूटूथ आहे का, आणि असेल तर कोणत्या प्रकारचं? 'ब्लूटूथ आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. मी थांबले होते. तेव्हा एका दुकानात मला "सगळं जोडलं जातं मॅडम" असं छातीठोक सांगितलं, आणि घरी आल्यावर फोनला माझी यंत्रं दिसलीच नाहीत. बिल फाडलेलं, खोका उघडलेला, परत घ्यायला कुणी तयार नाही. ते पैसे मी सहा महिने साठवले होते.

काही यंत्रं आयफोनशी जोडली जावीत म्हणून बनवलेली असतात. आयफोनच घ्या म्हणणाऱ्या मित्रांच्या डोक्यात हेच असणार. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या म्हणण्यात तथ्यही होतं. आज ते अर्धवट आहे. 2019 साली आलेल्या अँड्रॉइड 10 पासून श्रवणयंत्रात थेट आवाज सोडण्याची सोय अँड्रॉइडमध्येही आली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'आशा' असा होतो. मला ते नाव फार आवडतं. पण अँड्रॉइडवर चालणारा प्रत्येक फोन ही सोय देतोच असं नाही, आणि प्रत्येक यंत्रही नाही. त्यानंतर ब्लूटूथ एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत आली. ती बॅटरी कमी खाते. त्यासाठी फोन अँड्रॉइड 13 किंवा पुढचा हवा आणि त्या फोनच्या आतला भागही त्या जातीचा हवा. तिसरा प्रकार म्हणजे आपल्या नेहमीच्या ब्लूटूथवर चालणारी यंत्रं. ही जवळजवळ कोणत्याही ब्लूटूथ फोनशी जुळतात, अगदी बटणाच्या फोनशीसुद्धा. फक्त यंत्राची बॅटरी लवकर उतरते.

अण्णांचं यंत्र केवळ आयफोनशी जुळणारं निघालं, तरी घाबरून कर्ज काढू नका. अशा अनेक यंत्रांसाठी शर्टाला अडकवायचं किंवा गळ्यात घालायचं एक छोटं उपकरण मिळतं. ते फोनकडून आवाज घेतं आणि यंत्रांकडे पाठवतं. ऑडिओलॉजिस्टना त्याची किंमत विचारा आणि मग हिशोब करा.

आणि ब्लूटूथच नसलं तर? तरीही रस्ता आहे. यंत्रात टेलिकॉइल आहे का विचारा. ती तारेची एक बारीक गुंडाळी असते. ती माइकमधून आवाज न घेता चुंबकीय क्षेत्रातून घेते, त्यामुळे शिट्टी वाजत नाही आणि भोवतालचा गोंगाटही आत येत नाही. पुष्कळदा ती यंत्रात असते पण चालूच केलेली नसते. टेलिकॉइलचा वेगळा प्रोग्रॅम लावून घेता येतो. तीही नसेल तर शांत खोली, टेबलावर ठेवलेला फोन आणि चालू स्पीकर. मी कितीतरी वर्षं असेच फोन केले. खासगी बोलणं होत नाही हा त्याचा तोटा. पण सध्या अण्णांचं खासगी काय, साधंसुद्धा बोलणं होत नाहीये.

आता त्या शिट्टीचं. फोन आजच आणायचा नसला तरी हे आज करता येईल. यंत्रातून बाहेर निसटलेला आवाज फोनवर आपटून परत यंत्राच्या माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो, त्याची ती शिट्टी. अण्णांचं यंत्र कानामागे बसणारं असेल, तर त्याचा माइक कानाच्या पाळीच्या वर, मागच्या बाजूला असतो. फोन कानाच्या भोकाशी नाही, तर थोडा वर, त्या माइकपाशी, जरा तिरका धरायचा. कानाला घट्ट दाबायचा नाही. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होतं, मग हाताला जागा सापडते. तरीही शिट्टी वाजली तर कानातलं टोक सैल बसत असेल किंवा कानात मळ असेल. दोन्ही गोष्टी तपासून घ्या. मळ घरी काडीनं काढू नका.

शिट्टीऐवजी 'टर्रर्र टर्रर्र' असा आवाज येत असेल, तर ते दुखणं वेगळं आहे आणि ते नणंदबाईंच्या सल्ल्याशी जोडलेलं आहे. टू-जीवर चालणारा जुना बटणाचा फोन आपल्या लहरी सेकंदाला सुमारे 217 झटक्यांनी सोडतो. ते झटके यंत्रात शिरून गुरगुरतात. पूर्वी रेडिओजवळ मोबाइल ठेवला की कॉल यायच्या आधी तो गुरगुरायचा, आठवतं? तेच. नणंदबाईंचा हेतू चांगला आहे, अण्णांची बोटं त्या बटणांना सरावलेली आहेत. पण जुना टू-जी फोन श्रवणयंत्राशी सर्वांत जास्त भांडतो. बटणाचाच घ्यायचा असेल तर फोर-जी चालणारा आणि व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरूनच कॉल करण्याची सोय, असलेला घ्या. तसे मिळतात. अमेरिकेत काही वर्षांपूर्वीपर्यंत फोनच्या खोक्यावर श्रवणयंत्राशी तो किती जुळतो याचे आकडे असायचे, एम आणि टी या अक्षरांपुढे 3 किंवा 4. आपल्याकडे खोक्यावर ते सहसा दिसत नाहीत. म्हणून कानानंच पारखायचं.

व्होल्टी हा शब्द दुकानात नक्की विचारा. फोर-जीवरून जाणाऱ्या या कॉलमध्ये आवाज 7000 हर्ट्झच्या आसपासपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तो छाटलेला 'स' आणि 'श' परत येतो. पण दोन्ही टोकांना ही सोय असली तरच. अण्णांचा फोन नवा आणि तुमच्या यजमानांच्या फोनवर व्होल्टी बंद, तर काही फायदा नाही. तुमच्या दोघांच्या फोनची सेटिंग आधी बघा. गावात रेंज कशी आहे तेही बघा. ज्या कंपनीचा टॉवर घरात नीट येतो तिचं सिम घ्या. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. व्हॉट्सॲपच्या कॉलचा आवाजही भरीव असतो, पण रेंज पडली की शब्दांचे तुकडे होतात, आणि तुकडे झालेलं बोलणं आमच्यासारख्यांना अजिबात जोडता येत नाही. व्हिडिओ कॉल मात्र जरूर करा. ओठ दिसले की शनिवार आणि रविवार वेगळे दिसतात : 'वि' म्हणताना दात ओठाला लागतात, 'नि' म्हणताना नाही. उजेड तोंडावर पडेल असं बसा, पाठीमागे खिडकी नको.

ज्यानं टेलिफोन केला, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलचं पेटंट 7 मार्च 1876 चं. त्याच्या आईला नीट ऐकू येत नव्हतं. ज्या मेबलशी त्यानं पुढच्या वर्षी लग्न केलं, ती लहानपणी आलेल्या तापानं बहिरी झाली होती. तो स्वतः बहिऱ्या मुलांना शिकवायचा. ज्या यंत्रानं त्याचं नाव झालं, त्यावरून तो आपल्या बायकोशी कधी बोलू शकला नाही. फोनवर माझं अडलं की मला नेहमी मेबल आठवते.

आता दुकानात जायचं ते अण्णांना घेऊन. ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणून मागवून टाकू नका, निदान या एका फोनच्या बाबतीत तरी नको. अण्णांनी दोन्ही यंत्रं लावलेली असावीत, ती पूर्ण चार्ज केलेली असावीत, आणि खिशात त्यांचं स्वतःचं सिम असावं. दुकानदाराला म्हणा, सिम घालून एक कॉल करून बघू द्या. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'हिअरिंग डिव्हाइसेस' आहे का ते पाहा आणि तिथेच यंत्र जोडून बघा. जोडलं गेलं नाही तर फोन काउंटरवर ठेवा आणि बाहेर या.

जोडलं गेलं तर तुम्ही दुकानाबाहेर जाऊन अण्णांना फोन लावा आणि एकेक शब्द वाचा. मी स्वतःसाठी एक यादी केली आहे. हवी तर घ्या : आठ, साठ, वीस, तीस, शनिवारी, रविवारी, पाणी, राणी, काल, साल, खत, छत. क्रम बदलून वाचा, आवाज नेहमीचाच ठेवा. अण्णांनी ऐकलेला शब्द यजमानांना सांगायचा, त्यांनी कागदावर लिहायचा. बारापैकी किती बरोबर ते मोजा. मग दुसऱ्या फोनवर हेच करा. ज्या फोनवर जास्त शब्द लागले तो अण्णांचा फोन, मग त्याचा कॅमेरा कसाही असो. दुकानदार घाई करेल. करू द्या. मला या यादीनं एकदा चांगलंच अडवलं होतं : सर्वांत महागड्या फोनवर पाच शब्द लागले, आणि त्याच्या निम्म्या किमतीच्या फोनवर नऊ.

एक बारीक गोष्ट तिथेच विचारून घ्या. आवाज यंत्रांत येतो, पण अण्णांचा आवाज कुठून जाणार? काही जोड्यांमध्ये यंत्राचेच माइक बोलणं उचलतात आणि फोन खिशात राहिला तरी चालतो. बऱ्याच जोड्यांमध्ये फोनचा माइक वापरावा लागतो, म्हणजे बोलताना फोन तोंडाजवळ धरायचा. हे ठाऊक नसलं की अण्णांना तुमचं ऐकू येईल, तुम्हाला अण्णांचं नाही, आणि सगळे म्हणतील नवा फोन बिघडला.

पंधरा हजारांत काय घ्यावं, याचं सरळ उत्तर असं : यंत्राला ब्लूटूथ असेल आणि ते अँड्रॉइडशी जुळत असेल, तर त्या यंत्राशी दुकानात जोडून दाखवलेला टचचा फोन. ब्लूटूथ नसलं तरी मी टचचाच म्हणेन, कारण तो अण्णांना शब्द लिहून दाखवू शकतो. 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' नावाचं गूगलचं एक मोफत ॲप आहे. 2019 साली आलं. ते घडवणाऱ्यांत दिमित्री कानेव्स्की हा संशोधक होता, जो स्वतः लहानपणापासून ऐकू शकत नाही. समोरचा माणूस बोलतो आणि अक्षरं पडद्यावर उमटत जातात, मराठीतसुद्धा. अक्षरं केवढीही मोठी करता येतात. गावाकडच्या बोलीत ते अडखळतं, दोघं एकदम बोलले की गोंधळतं, आणि नेट लागतं. तरी दवाखान्यात डॉक्टर गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत असताना हे चालू ठेवून बघा. मी पहिल्यांदा वापरलं ते तिथेच. त्या दिवशी मी सोबत कुणाला घेऊन गेले नव्हते. डॉक्टरांचं सगळं बोलणं मला एकटीला कळलं आणि मी बाहेर येऊन बराच वेळ बाकावर बसून राहिले.

फोनवर चाललेलं बोलणं मात्र हे ॲप त्याच फोनवर लिहून देत नाही. त्यासाठी कॉल स्पीकरवर टाकून शेजारी आईंच्या फोनवर ॲप चालू ठेवा.

बाकीच्या सेटिंगा पाच मिनिटांच्या आहेत. रिंगटोन चिवचिवाटाची नको, खर्जातली हवी. पेटीचा किंवा पखवाजाचा आवाज अण्णांना लवकर कळेल. कॉल आल्यावर फ्लॅश चमकेल असं करा. थरथर सर्वांत जोराची ठेवा आणि फोन सदऱ्याच्या खिशात. यंत्र जोडलेलं असलं तर रिंग थेट कानातच वाजते. तोपर्यंत यंत्र फक्त घरातल्या बोलण्यासाठी आहे असं अण्णांना वाटत असेल, ते त्या दिवसापासून बदलेल.

सूनबाई, तुमच्या पत्रात मित्रांचं मत आहे, दुकानदाराचं आहे, नणंदबाईंचं आहे. अण्णांचं कुठेच नाही. हे रागानं म्हणत नाही. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत त्यावरून तुमची माया कळते. पण कान गेल्यावर पहिल्यांदा जातं ते हेच : आपल्याला विचारणं. विचारून उत्तर मिळेपर्यंत चार वेळा सांगावं लागतं, म्हणून घरचे आपसांत ठरवून मोकळे होतात. आमच्या घरी मला न विचारता मोठ्या बटणांचा, पाठीवर लाल बटण असलेला फोन आणला होता. माझं वय तेव्हा एकेचाळीस. मी तो कपाटात ठेवला आणि दोन वर्षं कुणाचाच फोन घेतला नाही. तेव्हा अण्णांशेजारी, त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला बसा आणि विचारा : तुम्हाला फोन कशासाठी हवाय? नातवंडांशी बोलायला? कारखान्यातल्या जोडीदारांशी? ऊसबिलाचा मेसेज वाचायला? कदाचित ते म्हणतील, मला बोलायचंच नाही, तुम्ही लिहून पाठवा. तेही उत्तर आहे, आणि त्याप्रमाणे फोन वेगळा निवडावा लागेल. मग पडदा मोठा बघा, आणि आवाजावर थोडं कमी पडलं तरी चालेल.

फोन कितीही चांगला असला तरी निम्मं काम पलीकडच्या माणसाचं आहे. यजमानांना सांगा, फोन लागल्यावर आधी नाव, मग विषय : "अण्णा, मी बोलतोय, यायचं सांगायला फोन केलाय." विषय कळला की कान निम्मं ओळखून घेतो. ओरडू नका, सावकाश बोला. एखादा शब्द दोनदा सांगून कळला नाही तर तिसऱ्यांदा तोच सांगू नका, वेगळ्या वाटेनं जा. रविवार कळत नसेल तर "कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी" म्हणा किंवा तारीख सांगा. आणि फोन ठेवल्यावर एक ओळ लिहून पाठवा : 'रविवारी, 28 तारखेला, दुपारी 12 वाजता पोचतो.' मराठीत टाइप करायचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून बोला, अक्षरं आपोआप उमटतात. ती एक ओळ गेल्या महिन्यात पाठवली असती, तर अण्णांचे स्टँडवरचे दोन तास वाचले असते.

अण्णांच्या "हां हां, बरं बरं"ची मला खरी काळजी वाटते. आम्ही सगळेच असं म्हणतो. पुन्हा पुन्हा "काय?" विचारायची लाज वाटते म्हणून. घरच्यांशी बोलताना त्यानं फार तर एक दिवस चुकतो. पण बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या भामट्याला हेच "हां हां" हवं असतं. काउंटरवर असताना अशी फसलेली माणसं मी रडताना पाहिली आहेत, आणि त्यांतली काही कानांनी अधू होती. घरात एक नियम करा : पैशांचं, ओटीपीचं, कार्डाचं बोलणं फोनवर करायचंच नाही, समोरचा कुणीही असो. "मला ऐकू येत नाही" एवढं म्हणून फोन ठेवायचा. ते खरंही आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तरीही काही घडलंच तर लगेच 1930 वर तक्रार करायची. तो नंबर अण्णांच्या नव्या फोनमध्ये तुमच्या नंबराच्या शेजारी ठेवा.

अण्णांच्या बरोबरच्या त्या दोन-तीन जणांसाठी : 65 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदा 3000 रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्यात 2024 मध्ये सुरू झाली. त्यात श्रवणयंत्रही बसतं. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या दिव्यांगांना यंत्र मोफत किंवा सवलतीत मिळतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी आहे. तिथे तपासणीही होते आणि यंत्रही बसवून देतात. 2016 च्या दिव्यांग कायद्यानुसार दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून पुढे घट असेल तर ते दिव्यांगत्वात मोडतं. सिव्हिल हॉस्पिटलमधून ऑडिओग्राम आणि प्रमाणपत्र मिळालं की पुढचे अर्ज सोपे होतात. आणि त्यांच्यापैकी कुणाला एका कानानं अचानक, दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं असेल, तर योजना-बिजना बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. त्यात दिवस घालवले तर कान परत येण्याची शक्यता कमी होत जाते.

खोक्यावरचं मॉडेलचं नाव सापडलं की मला कळवा. आणि ते पत्र अण्णांनी लिहिलं तर मला फार बरं वाटेल. टर्बाइन सुरू होताना कसा आवाज यायचा ते त्यांनी लिहावं. मला तो कधी ऐकायला मिळालेला नाही, आणि त्यांना तो अजून नीट आठवत असणार.